गळाची मासेमारी

गळ, दोरी व काठी यांच्या साहाय्याने आमिष दाखवून एकेक मासा पकडण्याच्या पद्धतीस गळाची मासेमारी म्हणतात. ही पद्धत उदरनिर्वाहासाठी व करमणुकीसाठी अशा दोन्ही हेतूंनी वापरली जाते. जाळ्याच्या मासेमारीत माशांचा थवा एकदम हाती लागतो. गळाच्या मासेमारीत मात्र माशाची जात, त्याची भूक, पाण्याची खोली, दिवसाची वेळ व ऋतू यांचा अंदाज घेऊन एका माशाशी एका माणसाला सामना करावा लागतो. यामुळे जगातील पुष्कळ देशांत तिला मैदानी खेळाचे स्वरूप आले आहे. शरद ऋतूत चार-सहा मित्रांनी शनिवार-रविवारी जलाशयावर मुक्काम करावयाचा आणि आपल्या आठवणीत राहील असा एखादा मोठा मासा मिळविण्याचा प्रयत्न करावयाचा, हा या खेळाचा एक लोकप्रिय प्रकार होय. प्रस्तुत नोंदीत या प्रकाराची माहिती मुख्यतः महाराष्ट्रातील, विशेषतः अंबाजोगाई परिसरातील मांजरा जलाशयाच्या संदर्भात दिली आहे.

इतिहास : गळाचा उपयोग अतिप्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या हडप्पा व मोहें-जो-दडो या स्थळी तांब्याचे गळ सापडले आहेत. करमणूक म्हणून गळाने मासे धरण्याचे सविस्तर वर्णन दख्खनमध्येच लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात आढळते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२७–३८) याच्या मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकीचे, जे अनेक प्रकार सांगितले आहेत त्यांत मत्स्यविनोद या नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातील व गोड्या पाण्यातील मासे, खवले असलेले व नसलेले मासे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, काठी, दोरी व गळ कसे असावेत यांविषयीची माहिती त्यात दिलेली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्ट्या अभ्यास केला आणि प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानाचा तो महत्त्वाचा पुरावा असल्याचे दाखवून दिले. आजच्या बीड जिल्ह्याचा प्रदेश त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. त्यामुळे गळाची हौशी मासेमारी ही इंग्रजांनी या भागात आणलेली नवलाई होय, हा समज बरोबर नाही.

यूरोपात या विषयावरील इंग्रजीतील पहिला छापील प्रबंध १४९६ साली निघाला. आयझाक वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली प्रकाशित झाला व त्याच्यामुळे गळ टाकून पाण्याकाठी शांतपणे बसण्याच्या छंदाला साहित्यातही स्थान मिळाले. भारतात ब्रिटिश अंमलाच्या काळात मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांनी हा खेळ मोठ्या प्रमाणावर अंगीकारला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीवरील ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील नद्यांतील माशांचे वर्णन केले होते. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीर माशाच्या जातीला त्यांनी १८३९ साली दिलेले ‘खुद्री’ हे जातिनाम शास्त्रात आजही कायम आहे. दख्खनमधील माशांना त्यांनी दिलेली अनेक जातिनामे स्थानिक नावांवरून घेतलेली आहेत.

साधने : काठी, चक्री, दोर, तरंग, शिसे व गळ ही या मासेमारीची मुख्य साधने होत. काठी पूर्वी वेळूची किंवा वेताची असे. ग्रामीण भागात आजही वेळूची साधी काठी वापरतात. तिच्या टोकाला दोर बांधलेला असतो व चक्री नसते. आधुनिक काठ्या काचतंतूंच्या अथवा कार्बन-तंतूंच्या असून त्या वजनाला हलक्या व लवचिक असतात. चक्रीमुळे दोर लांबवर फेकता येतो आणि मोठा मासा लागल्यास तो तुटू न देता हवा तेवढा सोडता व पुन्हा गुंडाळता येतो. चक्रीतील रोधक (ब्रेक) दोराच्या सहनशक्तीपेक्षा कमी ताणावर सुटेल असा जुळवून ठेवणे, हे मोठ्या माशाच्या मासेमारीतील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य समजले जाते. कारण दहा किग्रॅ. वजनाचा मासा त्याहून कमी ताकदीच्या दोराने थकवून काठाला आणता येतो. परंतु तोच मासा एकाच हिसक्यात त्याहून जाड दोर तोडू शकतो.

दोर पूर्वी सुताचा, रेशमाचा वा घोड्याच्या केसांचा करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या एकपदरी दोराचा प्रसार झाला. तरंग बुचाचा, लाकडाचा किंवा मोराच्या पिसाच्या देठाचा करतात. आमिष हव्या त्या खोलीवर राहावे म्हणून दोराला शिशाचा लहान तुकडा लावतात. गळाच्या टोकाजवळ मागे वळलेला लहान काटा असतो व त्यामुळे अडकलेला मासा सहजासहजी सुटत नाही. मासा परत पाण्यात सोडावयाचा असेल, तर असा काटा नसलेले किंवा पक्कडीने दाबून बोथट केलेले गळ वापरतात.

आमिष व चारा : शाकाहारी व सर्वभक्षी माशांसाठी कणकेचा गोळा, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शिजवलेला भात, मक्याचे दाणे व मुंग्यांची अंडी वापरतात. मांसभक्षक माशांसाठी गांडूळ, झिंगा, बेडूक किंवा लहान मासा लावतात. पाण्यातून ओढताना लहान माशासारखे चमकणारे धातूचे चमचे, पिसांच्या कृत्रिम माश्या तसेच लाकडी व प्लॅस्टिकचे नकली मासे ही कृत्रिम आमिषे होत. ज्या जागी गळ टाकावयाचा तेथे आदल्या दिवशी किंवा काही तास आधी शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा व माती यांचे गोळे टाकून मासे जमविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. यास चारा टाकणे म्हणतात. चारा प्रमाणाबाहेर टाकल्यास मासे तृप्त होऊन आमिषाला तोंड लावत नाहीत. शिवाय न खाल्लेला चारा कुजून काठच्या पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

गळाला लागणारे मोठे मासे : महाराष्ट्रातील नद्या व जलाशय यांतील मोठ्या माशांचे, त्यांच्या खाण्याच्या सवयींवरून, स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट कटला, रोहू व मृगळ या प्रमुख भारतीय कार्प माशांचा होय. यांपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी आपले खाद्य शोधतो. त्यामुळे एकाच ठिकाणी तिघांसाठी तीन निरनिराळ्या खोलींवर आमिष ठेवावे लागते. साचलेल्या पाण्यात या माशांचे प्रजनन सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी यांनी अंतःक्षेपणाद्वारे (इंजेक्शनद्वारे) प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला आणि तेव्हापासून या माशांचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. आज दख्खनच्या जलाशयांत गळाला लागणारा मोठा कटला हा बहुधा काही वर्षांपूर्वी सोडलेल्या बोटुकलीपासूनच वाढलेला असतो.

दुसरा गट मांसभक्षक माशांचा असून त्यात शिवडा, शिंगाळा व मरळ हे प्रमुख होत. शिवडा (वॉलॅगो अट्टू) हा बिनखवल्यांचा मासा असून त्याचे तोंड रुंद व जबडे दातेरी असतात. तो एक मीटरहून अधिक लांब वाढतो. त्याचे डोळे लहान असून तो अंधारात मिशांच्या साहाय्याने भक्ष्य शोधतो. म्हणून तो संध्याकाळनंतर व पहाटे अधिक लागतो. मरळ हवेतील प्राणवायूही घेऊ शकतो आणि तणांनी भरलेल्या उथळ पाण्यात दडून भक्ष्यावर झडप घालतो.

तिसरा गट महसीर माशांचा होय. वाहत्या, स्वच्छ व खडकाळ पाण्यात राहणाऱ्या या माशाची ताकद व चपळाई यांमुळे हौशी मासेमारांत त्याला सर्वांत मानाचे स्थान आहे. १९४६ साली कर्नाटकातील कबिनी नदीत जे. डी वेट व्हान इंगेन यांनी गळाने पकडलेला १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा महसीर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात देहू व आळंदी येथे इंद्रायणीत, रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि पालघर जिल्ह्यातील तिळसे येथे वैतरणेत महसीर माशांना देवाचे मासे मानून भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या संरक्षण दिले आहे; तेथे गळ टाकीत नाहीत. लोणावळा येथे टाटा वीज कंपनीच्या वळवण तलावाशेजारील केंद्रात १९७० च्या सुमारास चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीराच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू केले. तेथे तयार झालेली बोटुकली पुढे अनेक राज्यांना पुरविण्यात आली.

उत्तर अमेरिकेतील हौशी मासेमारांत वॉलआय (सँडर व्हिट्रियस) या माशाला असेच स्थान आहे. पर्च कुलातील हा मांसभक्षक मासा कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांतील थंड सरोवरांत आढळतो. मिनेसोटा राज्याने १९६५ साली त्याला राज्यमत्स्य म्हणून मान्यता दिली. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो व त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. शिवडा मिशांनी जे साधतो, ते वॉलआय डोळ्यांनी साधतो. दोघांचीही शिकारीची वेळ मात्र एकच, म्हणजे तिन्हीसांज व पहाट, ही असते.

ऋतू : मासे अनियततापी (ज्यांच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते असे) प्राणी असल्याने त्यांची भूक व हालचाल पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. थंड प्रदेशातील सरोवरांत उन्हाळ्यात वरचे पाणी उबदार व हलके, तर तळाचे पाणी थंड व जड असते आणि हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन खाली जाऊ लागते, सर्व पाणी ढवळून निघते व तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो. याच सुमारास हिवाळ्यापूर्वी शरीरात चरबी साठविण्यासाठी मोठे मासे भरपूर खातात. यामुळे वॉलआयच्या मोठ्या नमुन्यांसाठी शरद ऋतू विशेष अनुकूल समजला जातो.

दख्खनमध्ये बर्फ पडत नसले, तरी येथेही आश्विन-कार्तिक महिन्यांना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळाला, असेच महत्त्व आहे. मात्र त्याची कारणे काहीशी वेगळी आहेत. पावसाळ्यात नद्यांना गढूळ पूर येतात व बहुतेक माशांचे प्रजनन याच काळात होते. पाऊस ओसरल्यावर गाळ खाली बसून पाणी निवळते. जलाशय भरलेला असल्याने काठची गवताळ जमीन पाण्याखाली जाते व तेथील कीटक, गोगलगाई व कुजणारी वनस्पती खाण्यासाठी मासे उथळ पाण्यात येतात. त्यांच्यामागे मांसभक्षक मासेही येतात. ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी मासे खोल पाण्यात जातात. मात्र रात्री गारवा वाढू लागला की सकाळ-संध्याकाळचा खाण्याचा काळ लांबतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी अधिक गार झाल्यावर कार्प माशांची भूक मंदावते. उन्हाळ्यात पाणी आटून मासे थोड्या जागेत एकवटतात व सहज सापडतात. परंतु तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी असल्याने पकडून सोडलेला मासा जगण्याची शक्यताही कमी असते.

सामूहिक सहल : मोठ्या माशासाठी जाणारा गट सामान्यतः चार ते आठ जणांचा असतो. सहलीपूर्वी जलाशयाची पाणीपातळी, रस्ता, मुक्कामाची जागा व परवानगी यांची चौकशी करतात. शनिवारी दुपारी काठावर पोहोचल्यावर प्रथम जागा निवडली जाते. बुडालेल्या नाल्याचे तोंड, जुन्या वाटेचा उंचवटा, पाण्यात गेलेल्या विहिरीचा परिसर किंवा खोल व उथळ पाण्याची सीमा या जागा चांगल्या समजल्या जातात. जलाशय होण्यापूर्वीची जमीन ज्यांच्या आठवणीत आहे अशा गावकऱ्यांची या कामी मोठी मदत होते. ओढा कोठे होता, बांध कोठे होता हे नकाशापेक्षा त्यांना अधिक नेमके सांगता येते.

यानंतर कामे वाटून घेतात. एक जण चारा टाकतो, दुसरा दोर व गाठी तपासतो, तर बाकीचे मुक्कामाची व स्वयंपाकाची व्यवस्था पाहतात. काठ्या एकमेकींपासून पुरेशा अंतरावर लावतात. कारण मोठा मासा आडवा धावल्यास इतरांच्या दोरांत गुंता होतो. कोणाच्याही गळाला मोठा मासा लागला, तर शेजारच्यांनी आपले दोर लगेच गुंडाळून घ्यावेत व एकाने हातजाळे घेऊन पाण्याच्या कडेला जावे, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. मासा मोठा असेल, तर तो थकून काठाशी येण्यास बराच वेळ लागतो. त्याला जाळ्यात घेताना जाळे त्याच्या डोक्याकडून धरतात. शेपटीकडून धरल्यास तो उसळी मारून निसटतो. एकट्याने मोठा मासा काठावर घेणे अवघड असल्याने या प्रकारच्या मासेमारीत गटाला केवळ सोबतीचेच नव्हे, तर प्रत्यक्ष उपयोगाचेही महत्त्व आहे. बहुतेक सहलींत पुष्कळांना काहीच मिळत नाही. रात्रभर जागून रिकाम्या हाताने परतण्याची तयारी हा या छंदाचा अविभाज्य भाग होय.

मोजमाप : माशाचे वजन तराजूने करता येते, तथापि माशाला टांगून ठेवल्याने त्याच्या कण्याला व आंतरेंद्रियांना इजा होऊ शकते. म्हणून लांबी व घेर मोजून वजनाचा अंदाज काढण्याची पद्धत प्रचलित आहे. लांबीला घेराच्या वर्गाने गुणून येणाऱ्या संख्येस, मापे इंचांत असल्यास, ८०० ने भागले म्हणजे वजन पौंडांत मिळते. मापे सेंमी. मध्ये असल्यास सु. २८,९०० ने भागावे, वजन किग्रॅ. मध्ये मिळते. उदा., ९० सेंमी. लांब व ५० सेंमी. घेराच्या माशाचे वजन सु. ७·८ किग्रॅ. भरते. हे सूत्र सर्व जातींना सारखेच लागू पडत नाही; शिवड्यासारख्या मागे निमुळत्या होत गेलेल्या माशाचे वजन त्यामुळे अधिक दाखविले जाण्याचा संभव असतो.

मांजरा जलाशय : मांजरा नदी बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते व सु. ७२४ किमी. वाहत जाऊन गोदावरीला मिळते. अंबाजोगाईच्या नैर्ऋत्येस केज तालुक्यातील धनेगाव येथे तिच्यावर मातीचे धरण बांधलेले असून त्याचा उपयुक्त जलसाठा सु. १७७ दशलक्ष घ. मी. आहे. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब, धारूर इ. शहरांचा पाणीपुरवठा आणि सिंचन ही या प्रकल्पाची मुख्य उद्दिष्टे होत. मत्स्योत्पादन हा त्याचा दुय्यम उपयोग आहे. महाराष्ट्रातील अशा जलाशयांत बोटुकली सोडणे व मासे धरणे यांचे हक्क सर्वसाधारणपणे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. मराठवाड्यात भोई समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका या व्यवसायावर चालते.

मोठ्या माशाच्या दृष्टीने या जलाशयाचा प्रश्न पाण्याच्या सातत्याचा आहे. कटला पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच बाजारात विकण्याजोगा होतो. परंतु हौशी मासेमार ज्याची वाट पाहतात असा मोठा मासा होण्यास त्याला अनेक वर्षे सलग पाणी मिळावे लागते. मांजरेचे खोरे अवर्षणप्रवण आहे. २०१५-१६ च्या दुष्काळात या जलाशयाचा उपयुक्त साठा पूर्णपणे संपला व एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर जलाशय पुन्हा भरला. पण पाणी एका पावसात परत येते, तसे मोठे मासे परत येत नाहीत. जलाशय कोरडा पडला की माशांच्या सर्व वयोगटांची साखळी तुटते आणि नव्या बोटुकलीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. या अर्थाने अवर्षणप्रवण प्रदेशातील जलाशयात सापडलेला मोठा मासा म्हणजे तेथे काही वर्षे पाणी अखंड टिकल्याचा पुरावाच होय. जलाशयात किमान पाणी राखून ठेवण्याचा प्रश्न म्हणूनच पिण्याच्या पाण्याइतकाच मत्स्यजीवनाशीही निगडित आहे.

पकडून सोडणे : मोठा मासा मारणे हे मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने विशेष हानिकारक ठरते. पुष्कळ जातींत मादी नरापेक्षा मोठी वाढते व तिच्या आकाराबरोबर अंड्यांची संख्याही झपाट्याने वाढते. वॉलआयची लहान मादी काही हजार, तर मोठी मादी काही लाख अंडी घालते. म्हणून उत्तर अमेरिकेतील अनेक सरोवरांत विशिष्ट लांबीच्या मर्यादेतील मासे नेण्यास बंदी असते व प्रजननक्षम मासे पाण्यातच राहतील अशी व्यवस्था केलेली असते. महसिराच्या बाबतीत ही काळजी अधिकच आवश्यक आहे. कारण त्याची वाढ सावकाश होते आणि तो कटला, रोहू यांच्या तुलनेने कमी अंडी घालतो. शिवडा या जातीचीही सर्वत्र घट झाली असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तिचा समावेश धोकाप्रवण जातींत केला आहे.

मासा सोडताना हात ओले करून तो धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. गळ काढणे, माप घेणे व छायाचित्र काढणे ही कामे शक्य तितक्या कमी वेळात, शक्यतो पाण्यातच करावीत. मासा सोडण्यापूर्वी त्याला पाण्यात सरळ धरून कल्ल्यांवरून पाणी जाऊ द्यावे व तो आपल्या बळाने निघाला की हात काढावा. गळ खोल गिळला गेला असल्यास तो ओढून काढण्यापेक्षा दोर जवळून कापणे कमी इजा करणारे असते.

हौशी मासेमारांच्या नोंदवह्यांचा शास्त्रालाही उपयोग होतो. कावेरी नदीवरील एका हौशी मासेमारी शिबिरातील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींच्या अभ्यासावरून असे दिसून आले, की तेथील मूळचा वशिंड्या महसीर झपाट्याने कमी होत गेला व बाहेरून आणून सोडलेला दख्खनी महसीर वाढत गेला. वशिंड्या महसिराची शास्त्रीय ओळख (टॉर रेमादेवी) २०१८ साली निश्चित झाली व त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून घोषित झाला. लोणावळ्यात ज्या जातीचे प्रजनन तिच्या रक्षणासाठी सुरू झाले, तीच जात तिच्या मूळ क्षेत्राबाहेर दुसऱ्या जातीच्या मुळावर आली. सद्‌हेतूने केलेले मत्स्यरोपणही नदीच्या मूळ जीवसृष्टीचा विचार करूनच करावे लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. आमिष म्हणून आणलेले जिवंत परके मासे सहलीच्या शेवटी पाण्यात सोडणे याच कारणासाठी वर्ज्य समजले जाते.

कायदा व संकेत : पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमान्वये गुन्हा ठरविण्यात आले. राज्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या आधारे संरक्षित क्षेत्रांतील हौशी मासेमारीवर निर्बंध आले व २०१२ मध्ये कावेरीकाठची प्रसिद्ध शिबिरे बंद झाली. बंदीमुळे माशांना शांतता लाभते, असे एक मत आहे. तर हौशी मासेमारांचा व त्यांनी नेमलेल्या राखणदारांचा वावर थांबल्याने सुरुंग लावणाऱ्यांना मोकळीक मिळते, असे दुसरे मत आहे. या वादाचा निर्णय प्रत्येक नदीच्या परिस्थितीनुसार करणे इष्ट ठरते.

ठेक्याच्या जलाशयात गळ टाकण्यापूर्वी संबंधित सहकारी संस्थेची संमती घेणे आवश्यक असते. बोटुकली विकत घेऊन सोडण्याचा खर्च व दुष्काळाचा तोटा ही संस्था सोसत असल्याने जलाशयातील मासे हे तिच्या सभासदांचे भांडवलच असते. हौशी मासेमारांनी योग्य शुल्क द्यावे, लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहावे आणि स्थानिक मच्छीमारांना वाटाडे म्हणून काम द्यावे, अशी व्यवस्था जेथे असते तेथे दोन्ही पक्षांचे हित साधते. मुंबईतील पवई तलावावर हौशी मासेमारांच्या संघटनेने दीर्घकाळ सभासदत्वाच्या पद्धतीने मासेमारी चालविली आहे.

सुरक्षितता : मातीच्या धरणांच्या जलाशयांत काठाशी खोल गाळ असतो, पाणी नुकतेच ओसरलेल्या जागी वरून कोरडी दिसणारी जमीन पायाखाली खचते. रात्री अनोळखी काठावर पाण्यात उतरू नये. परतीच्या पावसाच्या दिवसांत विजांचा धोका असतो. कार्बन-तंतूंची काठी विद्युत् संवाहक असल्याने ढग गडगडू लागताच ती खाली ठेवावी व विजेच्या तारांखालून ती उभी धरून नेऊ नये. तुटलेला नायलॉनचा दोर पाण्यात किंवा काठावर टाकल्यास पाणपक्षी, कासवे व चरणारी गुरे त्यात अडकतात; म्हणून तो गोळा करून परत आणणे हे प्रत्येक गटाचे कर्तव्य होय.

गळाच्या मासेमारीतून मिळणारे मासे जाळ्याच्या तुलनेने नगण्य असतात. तथापि पाणी कधी निवळले, कोणता मासा कोठे दिसेनासा झाला, काठ किती मागे हटला यांसारख्या गोष्टी वर्षानुवर्षे त्याच जागी येऊन बसणाऱ्याच्या प्रथम लक्षात येतात. नदी व जलाशय यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवणारा एक जागरूक वर्ग निर्माण होणे, हे या छंदाचे सर्वांत मोठे सामाजिक मूल्य मानावे लागेल.